बाळंतिणीचं बीपी पाचव्या दिवशी कोण बघणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझ्या मुलीचं सिझेरियन ठाण्यात झालं. नऊ महिने बीपी नॉर्मल, फाईलमध्ये दर वेळी ११०/७० नाहीतर १२०/८०. चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि तिला ऐरोलीला माझ्याकडे आणली. दुसऱ्या दिवशी पाचवीच्या पूजेचा पाट मांडत होते तेव्हाच ती म्हणाली, आई डोकं फार दुखतंय गं. मी म्हटलं जागरण आहे, कानाला फडकं न बांधता बाल्कनीत उभी राहिलीस, वारा लागला असणार. तोंडावर सूज होती ती पण मला बाळंतपणाचीच वाटली.

रात्रभर पॅरासिटामॉलने काही फरक नाही. सकाळी डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले आणि उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी गॅस आहे म्हणून गोळ्या दिल्या, बीपी मोजलंच नाही. दुपारी आमच्या ह्यांचं बीपीचं मशीन कपाटात आहे हे आठवलं म्हणून लावलं तर १७४/११२! पाच मिनिटांनी परत लावलं, तेवढंच. तशीच रिक्षात घालून हॉस्पिटलला नेली. तिथे विचारलं प्रेग्नंट आहे का, आम्ही नाही म्हटलं, झालं, मायग्रेन समजून बाकावर बसवून ठेवलं. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डिलिव्हरी कधी झाली? सहा दिवस झाले म्हटल्यावर मात्र एकच धावपळ सुरू झाली. लघवीत प्रोटीन, प्लेटलेट, लिव्हर, किडनीसाठी क्रिएटिनिन सगळं तपासलं, बीपी उतरवायचं औषध आणि फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सुरू केलं.

त्यांनी सांगितलं की बाळंतपणाशी संबंधित ह्या वाढलेल्या बीपीच्या आजाराला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात आणि तो डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, आधी बीपी कधीच वाढलं नसलं तरी. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी बाळंतपणानंतर परत रक्तात येतं, त्यामुळे तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जातं. म्हणजे बघा, नेमकं डिस्चार्ज होऊन घरी आल्यावर! १४०/९० आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, १६०/११० म्हणजे इमर्जन्सी, अर्ध्या-एक तासात औषध सुरू झालं पाहिजे, नाहीतर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी विचारलं, पाठीत भूल दिली त्याने पण डोकं दुखतं ना? तर म्हणाल्या, ते उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. हिचं आडवं पडूनही तसंच होतं. पण बीपी मोजल्याशिवाय कुठल्याच बाळंतिणीचं डोकं दुखणं साधं आहे असं समजायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

हे सगळं मला डिस्चार्जच्या दिवशी कोणी का सांगितलं नाही? त्या कागदावर बाळाच्या लसी होत्या, टाक्यांची काळजी होती आणि आईसाठी पुढची तारीख थेट सहा आठवड्यांनंतरची. ज्या दिवसांत बीपी चढतं त्या दिवसांत आम्ही घरी डिंकाचे लाडू वळत होतो.

हॉस्पिटलांनी डिस्चार्जच्या कागदावर ही लक्षणं मराठीत मोठ्या अक्षरात लिहावीत, धाप लागणं पण त्यात आलं पाहिजे, आणि आठवड्याच्या आत बाळंतिणीचं बीपी तपासायला बोलवावं. आशाताई बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, वजनकाटा, थर्मामीटर आणतात, त्यांच्या पिशवीत बीपीचं मशीन पण द्यावं. आणि कॅज्युअल्टीमध्ये कुठलीही तरुण बाई डोकं दुखतंय म्हणून आली तर गेल्या सहा आठवड्यांत डिलिव्हरी झाली का हे आधी विचारावं. पैशांची अडचण असेल त्यांनी थांबू नये, सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला ४२ दिवसांपर्यंत उपचार मोफत आहेत.

मुलगी आता बरी आहे, बाळाला अंगावरच पाजते, तिची बीपीची गोळी पाजताना चालणारी आहे. बारसं राहिलं होतं ते पुढच्या रविवारी करतोय.

कळावे,
एक आजी, ऐरोली, नवी मुंबई