उन्हाळ्यातली रक्तदान शिबिरे

महोदय,
जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तरी रक्तदान शिबिरे भर दुपारी मंडपात भरतात. उपाशीपोटी, उन्हातून आलेल्या दात्याला चक्कर येते. अंगातले पाणी आधीच आटलेले असते. शिबीर सकाळी दहाच्या आत आटोपावे. दात्याने नाश्ता करून, अर्धा लिटर पाणी पिऊन यावे. सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटे दाबून धरावा, हात सरळ ठेवून. कोपर दुमडले की आत रक्त साकळते, हात काळानिळा पडतो.

आणि कृपा करून जयंतीच्या एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमवू नका. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पाचच दिवस टिकतात, लाल पेशी फार तर ४२ दिवस. नंदुरबारकडच्या सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) रुग्णांना रक्त बारमाही लागते. मंडळांनी तारखा वाटून घ्याव्यात.

– एक रक्तपेढी तंत्रज्ञ, जळगाव