खोल खाणीत बोल्टची नुसती ताकद पुरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भूमिगत खाणीत छत कोसळल्याची बातमी आली की बोल्ट (खडक धरून ठेवण्यासाठी त्यात भोक पाडून बसवलेल्या पोलादी सळया) कमी होते किंवा कच्चे होते, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. सुटलेल्या थराचे वजन धरून ठेवणे एवढेच बोल्टचे काम असते तिथे हा निष्कर्ष बरोबरही असू शकतो. खूप खोलवरच्या कठीण खडकात मात्र तो दिशाभूल करतो.

कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, तेव्हा त्या ३ किलोमीटरपेक्षा खोल गेल्या होत्या. एवढ्या खोलीवर वरच्या खडकाचा भार दर चौरस मीटरला सुमारे ८ हजार टन भरतो आणि खोदकामामुळे तो बोगद्याच्या कडांशी एकवटला की खडक ढासळत नाही, स्फोट व्हावा तसा फुटतो. अशा वेळी चौरस मीटरभर रुंद आणि मीटरभर जाड तुकडा, म्हणजे जवळपास २.७ टन खडक, सेकंदाला ३ मीटर वेगाने उडाला, तर त्याला थांबवण्यासाठी सुमारे १२ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. सिमेंटने पूर्ण जखडलेली सळई २० टन भार घेत असली, तरी भेगेपाशी दोनेक सेंटिमीटर ताणून तुटत असेल, तर ती जेमतेम ४ किलोज्यूल जिरवते. उलट, १० टनांवर सरकू लागून ३० सेंटिमीटर सरकणारा, दिसायला दुबळा बोल्ट ३० किलोज्यूल जिरवतो. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला कोन बोल्ट याच तत्त्वावर चालतो. त्याच्या गुळगुळीत दांड्यावर मेणाचा लेप असल्याने सिमेंट त्याला धरत नाही आणि टोकाचा शंकू सिमेंट चिरडत सरकतो.

महाराष्ट्रातील मँगनीजच्या खाणी एवढ्या खोल नाहीत, हे खरे. पण देशात जिथे जिथे खोल खाणकामाचे बेत आखले जातील, तिथे बोल्टच्या खरेदीत केवळ किती टनांना तुटतो एवढेच न विचारता किती सरकून किती ऊर्जा जिरवतो हेही विचारावे, आणि त्याची खात्री संथपणे ओढून नव्हे, तर वजन आदळून करावी. हीच कसोटी बोल्टच्या बाहेरच्या टोकाला खडकावर दाबून बसवलेल्या प्लेटला आणि बोल्टांमधल्या खडकावर लावलेल्या जाळीलाही लावायला हवी, कारण बोल्ट टिकूनही प्लेट निसटली किंवा जाळी फाटली, तर दोन बोल्टांमधला खडक कामगाराच्या अंगावरच येतो.

आपला,
एक निवृत्त खाण अभियंता, नागपूर