संपादकांना पत्र: सीपीयू भंगारात घालायच्या आधी बायोस तरी उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शनिवार पुरवणीतला 'जुन्या कॉम्प्युटरला आता निरोप द्या' हा अर्ध्या पानाचा लेख वाचला. त्याच्या शेजारच्या अर्ध्या पानावर लॅपटॉपच्या एक्स्चेंज ऑफरची जाहिरात होती, तीपण वाचली. दोन्हीत फरक एवढाच की जाहिरातीत खाली बारीक अक्षरात का होईना 'अटी लागू' असं छापलं होतं, लेखात तेवढंही नव्हतं.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे सगळ्यांना माहिती आहे, त्यावर वाद नाही. पण 'पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मशीनवर विंडोज 11 चालत नाही, त्यामुळे नवीन घेणं हाच मार्ग' हे वाक्य तुमच्याकडे कुणी लिहिलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणी तपासलं? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या विंडोज 11 च्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, आणि आठवी पिढी बाजारात आली 2017 मध्ये. पाच-सहा वर्षं कुठून काढलीत?

मी एवढा का चिडलो ते सांगतो. मी मिरजेत लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, वास्तुशांतीची कार्डं असली कामं करतो. दुकानातलं मशीन 2018 चं, असेंबल केलेलं, इंटेलचा आय थ्री प्रोसेसर आठव्या पिढीचा आणि एच 310 मदरबोर्ड. तुळशीचं लग्न लागलं की आम्हाला डोकं वर काढायला वेळ नसतो म्हणून दिवाळीच्या तोंडावरच नेहमीच्या रिपेअरवाल्याला बोलावलं, म्हटलं बाबा सीझनच्या आधी काय ते विंडोज 11 मारून दे. त्याने मशीनवर विंडोज 11 चालेल का ते तपासणारं ॲप चालवलं, त्यात टीपीएम 2.0 (म्हणजे सिक्युरिटीच्या चाव्या ठेवायची जागा) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना भलतं काही घुसू न देणारी सोय) ह्यांच्यापुढे लाल फुल्या आल्या, आणि पुढच्या मिनिटाला साहेबांचा निकाल तयार. "काका, बोर्ड जुना झालाय, ह्यात टीपीएमची चिपच नाही. बोर्ड बदलला की प्रोसेसर बदलणार, प्रोसेसर बदलला की रॅम बदलणार, त्यापेक्षा अख्खा सेटच नवीन घ्या." पस्तीस-चाळीस हजारांची गोष्ट, वर एक धमकी की तुमचं पत्रिका जुळवायचं पेजमेकर त्याच्यावर चालेलच असं नाही हां.

मी म्हटलं बघतो, आणि पुण्याला पुतणीला फोन लावला, ती कंपनीत ह्याच कामात असते. ती म्हणाली काका आधी विंडोजचं बटण आणि आर दाबा, तिथे टीपीएम डॉट एमएससी टाईप करा. केलं, तर सुसंगत टीपीएम सापडत नाही असा मेसेज. आता रीस्टार्ट करा आणि डिलीट की दाबत राहा म्हणाली. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारी बोर्डाची सेटिंग, उघडला, माऊस एकीकडे आणि मोबाईलचा व्हिडिओ कॉल एकीकडे असं करत शोधत शोधत एका पानावर 'इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी' (पीटीटी, म्हणजे इंटेलचं टीपीएमच) अशी ओळ सापडली आणि तिच्यापुढे लिहिलेलं: डिसेबल्ड. 2018 पासून ती तशीच पडून होती! टीपीएमची ही सोय ह्या पिढीच्या इंटेलमध्ये आतच येते, वेगळी चिप लागत नाही, पण त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर ती बंद ठेवूनच यायची कारण तेव्हा ती कुणाला लागतच नव्हती. इनेबल केलं, एफ 10 दाबून सेव्ह केलं, परत टीपीएम डॉट एमएससी बघितलं तर वापरायला तयार, व्हर्जन 2.0. ज्या टीपीएमसाठी मला चाळीस हजार सांगितले ती माझ्याच टेबलाखाली इतकी वर्षं झोपली होती.

पुढचं मात्र सोपं नव्हतं, आणि 'पाच मिनिटांत अपग्रेड करा' छापणाऱ्यांनीही हे वाचावं, कारण तसली सदरंही तुमच्याच पेपरात येतात. सिक्युअर बूटसाठी विंडोज यूईएफआय मोडमध्ये (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लागतं आणि आपल्याकडच्या असेंबलवाल्यांनी सरसकट जुन्या लेगसी मोडमध्ये विंडोज मारलेलं असतं, डिस्क एमबीआर, म्हणजे कप्प्यांची नोंद ठेवायची जुनी पद्धत. पोरं काय करतात, बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी मोड चालवणारी सोय) बंद करतात, मग मशीन सुरूच होत नाही, मग म्हणतात बोर्ड उडाला. आधी डिस्क जीपीटी, म्हणजे नोंदीच्या नव्या पद्धतीची, करायची असते, नंतर सीएसएम बंद. त्यासाठी विंडोज 10 मध्येच एमबीआर टू जीपीटी नावाची कमांड आहे, डेटा न घालवता करून देते. आता माझी अडचण अशी की असेंबलवाल्याने प्रथेप्रमाणे सी, डी, ई, एफ असे चार कप्पे पाडून दिलेले, आणि त्या कमांडला तीनच प्रायमरी पार्टिशन (मुख्य कप्पे) चालतात, एक्स्टेंडेड आणि लॉजिकल (कप्प्याच्या आतले पोटकप्पे) अजिबात चालत नाही. व्हॅलिडेट केलं की नापास. पुतणी म्हणाली ई आणि एफ मधलं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ते कप्पे उडवा.

ई ड्राइव्ह म्हणजे माझं सगळं दुकान हो. 'लग्न 2018', 'लग्न 2019', 'मुंज', 'उत्तरकार्य' असे फोल्डर, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. हे ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांना सांगतो, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ह्या ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं आणि पौंडाच्या खुणा असला काला दिसतो, सौ. कां. आणि चि. कुठे गेले ते देवालाही कळायचं नाही. त्यामुळे 'नवीन घ्या आणि डेटा कॉपी करा' हा तुमच्या लेखातला सल्ला आमच्या धंद्यात अर्धाच आहे, फायलींबरोबर फॉन्ट, कीबोर्डचं सॉफ्टवेअर, ते ज्याच्याकडून घेतलं त्याचा परवाना हे सगळं न्यावं लागतं. आहे त्याच मशीनवर अपग्रेड केलं तर ते जागेवर राहतं, हा अपग्रेडचा सगळ्यात मोठा फायदा आणि तो लेखात एका ओळीतही नाही!

तर ई, एफ बाहेर काढले, कप्पे उडवले, कमांड चालवली, सीएसएम बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं, ॲपमध्ये हिरव्या खुणा आल्या आणि अपग्रेड लावलं. मधे लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागला तेव्हा मात्र घाम फुटला, पण निभावलं. पेजमेकर चालतं. उजवी टिचकी मारून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं, पण चालतं, सगळा सीझन त्याच्यावर काढलाय. खर्च आला तो फक्त एसएसडीचा, आणि तो मी अपग्रेडसाठी नाही तर हौसेने टाकला कारण जुनी हार्डडिस्क असताना मशीन चालू करून चहा घेऊन यायचो तरी ते गोल गोल फिरतच असायचं.

हे सगळं झालं, मी विसरलो, आणि काल सकाळी त्याच रिपेअरवाल्याने मला व्हॉट्सॲपवर तुमच्या लेखाचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "बघा काका, आता पेपरातपण आलं." म्हणजे आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तुमचं कात्रण दाखवणार! संपादकसाहेब, तुमच्या पेपरवर लोकांचा अजून विश्वास आहे त्याचा हा असा उपयोग होतोय. बायोसमधली एक ओळ बंद आहे म्हणून सीपीयू भंगारात घाला म्हणणं म्हणजे पीयूसी संपलं म्हणून गाडी मोडीत काढण्यासारखं आहे.

सगळीच मशीन वाचतात असं माझं म्हणणं नाही. कोअर टू ड्युओवाल्यांनी आता आशा सोडावी, 2024 च्या आवृत्तीपासून विंडोज 11 त्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही, त्याला लागणाऱ्या सूचनाच त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. पण आमच्या समोरच्या झेरॉक्सवाल्यांचा आय फाइव्ह सातव्या पिढीचा आहे, त्यात टीपीएम 2.0 आहे, सिक्युअर बूट आहे, 16 जीबी रॅम आहे, दिवसभर पळतो, तरी यादीत नाही म्हणून नापास. ह्याला तांत्रिक अडचण म्हणायचं का? बरं, ह्याच सातव्या पिढीतल्या एका प्रोसेसरला यादीत जागा मिळालीय, आणि तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्याच एका महागड्या मशीनमध्ये होता, योगायोग बघा. हे खरं तर लिहायला हवं होतं. त्याऐवजी तुमचे लेखक 'तंत्रज्ञानाचा वेग' वगैरे लिहीत बसले.

आणि झेरॉक्सवाल्यांसारख्यांना लगेच खिशात हात घालायची गरज नाही हेही लेखातून गाळलंत. विंडोज 10 ला जादा सिक्युरिटी अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. त्याला 22 एच 2 ही आवृत्ती लागते, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं, सेटिंगचा बॅकअप त्या अकाउंटवर चालू केला तर फुकट, नाहीतर 30 डॉलर किंवा त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरच नावनोंदणीची लिंक दिसते. फुकट म्हणजे अगदी फुकट नाही, तुमची सेटिंग त्यांच्याकडे जातात, हे ज्याने त्याने बघावं. पण सव्वीसच्या ऑक्टोबरपर्यंत विचार करायला वेळ मिळतो की नाही? 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघता घाईघाईने नवीन मशीन घ्या सांगणं म्हणजे तर कमालच.

गल्लीबोळातली पोरं पेनड्राइव्ह बनवून, तपासणी चुकवून, न चालणाऱ्या मशीनवरही विंडोज 11 मारून देतात, तेही सगळ्यांना माहीत आहे. चालतं ते. फक्त पुढची अपडेट मिळतीलच ह्याची हमी कंपनी देत नाही, आणि मारून देणारा हे सांगत नाही. ज्यांचं काम नुसतं ब्राउझर, मेल, पोराचा अभ्यास एवढंच आहे त्यांनी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकावं असं पुतणी म्हणते, तिच्या बाबांच्या म्हणजे माझ्या भावाच्या जुन्या डेस्कटॉपवर तिने तेच टाकलंय आणि त्याला अजून फरक कळलेला नाही, तो नुसता पत्ते खेळतो. माझ्या धंद्याला ते चालणार नाही, पेजमेकर आणि ते फॉन्ट आडवे येतात, नाहीतर मीपण गेलो असतो.

शेवटी तुम्ही 'जुन्या मशीनची जबाबदारीने विल्हेवाट लावा' असं एक सुभाषित टाकलंय. कुठे लावायची? देशात ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, कंपन्यांवर जबाबदारी टाकलेली आहे वगैरे कागदावर सगळं छान आहे, पण आमच्याकडे डेस्कटॉप जातो तो हातगाडीवरच्या भंगारवाल्याकडे, आणि तो किलोवर घेतो. सांगली-मिरजेत ई-कचरा नेमका कुठे द्यायचा हे पत्त्यासकट छापलं असतंत तर अर्धं पान सत्कारणी लागलं असतं.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या शनिवारी त्याच जागी, तेवढ्याच टायपात खुलासा छापा: नवीन घ्यायच्या आधी टीपीएम डॉट एमएससी बघा, बायोसमध्ये इंटेलवाल्यांनी पीटीटी आणि एएमडीवाल्यांनी एफटीपीएम शोधा, बॅकअप घ्या, डिस्क आधी बदला आणि सीएसएम नंतर बंद करा. चार ओळी आहेत. त्या आत कुठेतरी राशिभविष्याच्या खाली ढकलू नका, रिपेअरवाल्याला मला फोटो काढून पाठवायचाय.

आणि जाता जाता, त्या एक्स्चेंज ऑफरच्या जाहिरातीला जागा करायला काल शब्दकोडं इतकं बारीक केलंत की चौकोनात पेनाचं टोक मावेना. मी छपाईतला माणूस आहे, सहा पॉइंट टाईप लांबून ओळखतो. आमच्या मातोश्री ब्याऐंशीच्या आहेत, रोज कोडं सोडवतात, काल मी ते झेरॉक्सवाल्यांकडून दुप्पट मोठं करून आणलं तेव्हा कुठे भरता आलं. त्यातही उभ्या शब्दांचे दोन क्लू छापायचेच राहिलेत. ते उद्याच्या अंकात द्यावेत, त्या विचारतायत.

आपला,
एक छपाईवाला वाचक, मिरज