पंच्याण्णवाव्या वर्षी पदवी

ज्येष्ठांच्या बातम्या बहुधा औषधे आणि पेन्शनपाशीच थांबतात, म्हणून हे पत्र. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात गव्हाच्या शेतीत आयुष्य घालवलेल्या नोला ऑक्स (१९११–२०१६) यांनी पतीच्या निधनानंतर महाविद्यालयात एकेक विषय शिकायला घेतला. घाई कसली? २००७ मध्ये, ९५व्या वर्षी, त्यांनी फोर्ट हेज स्टेट विद्यापीठाची पदवी घेतली, तीही नातीच्या बरोबरीने. पुढे क्रूझवर प्रवाशांना गोष्टी सांगायला गेल्या. ९८व्या वर्षी पदव्युत्तर पदवीही मिळवली.

मला मात्र पदवीपेक्षा जास्त भावते ते हे, की शिकण्यासाठी त्या शेतावरचे घर सोडून विद्यापीठाजवळ बिऱ्हाड करून राहिल्या. विद्यापीठांनी वसतिगृहात एखादी खोली साठीपुढच्या विद्यार्थ्यांसाठीही राखून ठेवावी.

– एक वाचक