धूर दिसला तर काय करायचं, हे मराठीत सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात जळगावहून विमानात चढताना एक प्रसंग पाहिला. पंख्याचं लहान विमान होतं. अशा विमानात डोक्यावरचे कप्पे छोटे असतात, म्हणून मोठ्या हातबॅगा शिडीपाशीच काढून घेतात आणि खालच्या सामानात टाकतात. माझ्यापुढच्या गृहस्थांची बॅग घेताना तिथल्या मुलीने विचारलं, "काका, आत पॉवर बँक आहे का?" काका म्हणाले, "आहे, पण अगदी तळाशी आहे. काही होत नाही हो ताई, जाऊ द्या." ती हटली नाही. रांग खोळंबली, ऊन डोक्यावर होतं, तरी तिने बॅग उघडायला लावली. मागून कुणीतरी बोललं, "चहापाणी द्यायचं काम, आणि रुबाब बघा!"

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. माझी मुलगी विमानात हेच काम करते.

ती या नोकरीत लागली तेव्हा मलाही वाटलं होतं की हिला नीट बोलायला आणि ट्रॉली ढकलायला शिकवतील. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आली तेव्हा माझा समज गेला. मागच्या खोलीत खापरावर मांडे चालले होते. लाकडं ओलसर निघाली आणि खोली धुराने भरली. मी उभ्याउभ्या पदर नाकाला लावून खोकत होते. तिने मला हाताला धरून खाली बसवलं. "आई, धूर वर जातो. श्वास खाली बसूनच घ्यायचा. आगीत माणूस आधी धुराने पडतो, ज्वाळा मागून येतात." मग पदर ओला करून नाकावर धरायला लावला. चूल विझल्यावर आम्ही ओट्यावर बसलो आणि ती तासभर बोलत राहिली.

विमानात काम करणाऱ्या या मुलींना प्रशिक्षणात धुराने भरलेल्या नकली केबिनमध्ये सोडतात, खरी आग विझवायला लावतात, आणि दरवर्षी ही उजळणी होते. विमानात धूर दिसला की जी सगळ्यात जवळ असेल ती विझवायला धावते. दुसरी फोनवरून कॅप्टनला कळवते: कुठे, कसला वास, धुराचा रंग काय. तिसरी असेल तर ती आणखी साहित्य आणते. आपल्या जळगावला येणाऱ्या सत्तरेक आसनांच्या विमानात मात्र दोघीच असतात, म्हणजे तिसरे हात प्रवाशांचेच. शौचालयातून धूर येत असेल तर दार एकदम उघडत नाहीत. हाताची मागची बाजू दाराला लावून ते किती तापलंय ते बघतात, फटीएवढंच उघडतात आणि तिथून हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूचा फवारा मारतात. डोक्यावर धुरापासून वाचवणारी टोपी असते, त्यातली हवा साधारण १५ मिनिटं पुरते. तिकडे वैमानिक मास्क चढवून शुद्ध प्राणवायू घेतात आणि जवळची धावपट्टी शोधतात. धूर आहे म्हणून प्रवाशांचे पिवळे मास्क मात्र खाली सोडत नाहीत. त्या मास्कमधून केबिनची हवाही आत येते, म्हणजे धूरच नाकात जातो. मास्क दिले नाहीत म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता पॉवर बँकेचं. त्यातली लिथियमची बॅटरी एकदा तापू लागली की तिच्यातला एक सेल दुसऱ्याला पेटवत जातो. हॅलॉनने ज्वाळा दबतात, उष्णता जात नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा पेटते. म्हणून ज्वाळा दबल्यावर तिच्यावर पाणी ओतत राहायचं. पाणी संपलं तर सरबत, सोडा, जे हाताशी असेल ते, फक्त दारू नको. बर्फही नको, कारण बर्फाच्या थराखाली उष्णता कोंडते. हे सगळं केबिनमध्ये जमतं, कारण तिथे दिसतं आणि हात पोचतो. सामानाच्या कप्प्यात कुणाचा हात पोचणार? म्हणून ती मुलगी अडून बसली होती. काकांची पॉवर बँक शेवटी निघाली, तर एका बाजूने फुगलेली! ती तिथेच ठेवून घेतली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, आपण फोन आणि पॉवर बँका गाडीच्या डिक्कीत दिवसभर भाजतो. फुगलेली वस्तू विमानातच काय, घरातही ठेवू नये.

आग लागून विमान सुखरूप उतरलं म्हणजे संपलं, असं नसतं. १९८० साली रियाधहून निघालेलं सौदिया या सौदी अरेबियाच्या कंपनीचं विमान आग लागल्यावर परत फिरलं आणि धावपट्टीवर व्यवस्थित उतरलं. पण लोकांना लगेच बाहेर काढलं गेलं नाही, आणि आतले सर्व ३०१ जण गेले. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या विमानात शौचालयाकडून धूर आला. सेविकांनी प्रवाशांना पुढच्या आसनांवर हलवलं, ओले टॉवेल वाटले. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली आणि दीडेक मिनिटात आत भडका उडाला. ४६ पैकी २३ वाचले. जमिनीलगतची दिव्यांची पट्टी, जिच्यावरून आपण बॅग ओढत जातो, ती अशा अपघातांनंतर सक्तीची झाली. उलट २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले. घोषणेची यंत्रणा बंद पडली होती, कर्मचारी हातातल्या भोंग्यावरून आणि घसा ताणून सांगत होते. प्रवाशांनी बॅगा मागे सोडल्या आणि सांगतील त्याच दाराने गेले.

हे लिहिताना परधाडे डोळ्यांपुढून हलत नाही. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात, या परधाडे स्थानकाजवळ, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, लोक रुळांवर उतरले आणि शेजारून कर्नाटक एक्सप्रेस आली. आपल्याच मातीत डझनभर माणसं गेली, तीही न लागलेल्या आगीच्या भीतीने. मी त्या प्रवाशांना दोष देत नाही. डब्यात काय झालंय, कुठल्या बाजूने उतरायचं, हे ठामपणे सांगणारं त्या क्षणी कुणी नव्हतं. विमानात सांगणारं माणूस असतं. पण त्याची भाषा कळली पाहिजे.

माझ्या शेजारी एरंडोलकडच्या एक आजी होत्या, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. सूचना हिंदीत आणि इंग्रजीत झाल्या. त्यांनी मला विचारलं, "काय म्हने ती पोर?" मी सांगेपर्यंत विमान धावायला लागलं होतं.

म्हणून जळगावला ये-जा करणाऱ्या विमान कंपन्यांना माझी विनंती आहे. सूचना मराठीतही सांगा आणि आसनापुढच्या खिशातलं कार्ड मराठीतही छापा. विमानतळावर तपासणीच्या आधी, रांगेत उभं राहिल्यावर वाचता येईल असा मराठी फलक लावा: पॉवर बँक हातबॅगेत, हातबॅग काढून घेतली तर पॉवर बँक आपल्या जवळ, फुगलेली असेल तर घरून आणूच नका. धूर दिसला तर आधी कर्मचाऱ्यांना सांगा, खाली वाका, ओला रुमाल नाकावर धरा, बाहेर पडताना बॅग घेऊ नका. आपल्या वृत्तपत्राने हे सुट्ट्यांच्या आधी एकदा ठळक छापलं, तर मुलाबाळांकडे निघालेल्या कितीतरी आजी-आजोबांना निघण्याआधी घरातच ते वाचून दाखवता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)