कॅपिटल अक्षर नाही, म्हणून प्रश्नही नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोशातल्या रेल्वेनोंदींवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख सोमवारी वाचला. (बडोद्यात आपली पुरवणी सोमवारीच मिळते, त्याबद्दल शेवटी.) इंग्रजी कोशकार 'लाइन' शब्दाचा एल थोरला काढायचा की धाकटा यावर कसे हमरीतुमरीवर येतात, हे लेखकाने गमतीत सांगितले आहे. मग सुटकेचा निःश्वास टाकला आहे: आपल्या लिपीत थोरली-धाकटी अक्षरेच नाहीत, तेव्हा ही डोकेदुखी आपल्याला नाही. लेखकाचे अभिनंदन. दाराला कडीच नाही, तेव्हा कडी लावायची विसरण्याची भीती नाही, अशातलाच हा आनंद.

इंग्रजीतले ते भांडण वाटते तितके पोरकट नाही. थोरले अक्षर सांगते की हे मालकाने ठेवलेले नाव आहे. धाकटे सांगते की हे आम्ही केलेले वर्णन आहे. गुजरातेतल्या डभोई ते मियागाम या रुळांना 'लाइन' हा शब्द कोशकार आपल्या सोयीने जोडतो, म्हणून तिथे एल धाकटा. लंडन–ग्लासगो मार्गाचे 'वेस्ट कोस्ट मेन लाइन' हे ठरलेले नाव, म्हणून चारही शब्द थोरल्या अक्षराने. आपल्याकडे ते अक्षर नाही, पण त्याचे काम शिल्लक आहेच. ते न केल्यास काय होते, हे त्याच लेखात दिसते. 'पश्चिम किनाऱ्याचा मुख्य मार्ग' असे भाषांतर लेखकाने केले आहे. हे वाचून कोणताही मराठी माणूस कोकण रेल्वेने रोह्याहून ठोकूरच्या दिशेने निघेल. ग्लासगो त्याच्या मनातही येणार नाही.

देवनागरीत नाव आणि वर्णन वेगळे दाखवण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे: नाव उच्चाराप्रमाणे ठेवावे, वर्णन मराठीत करावे. नावाचे भाषांतर केले की ते वर्णन होऊन बसते. आणि वर्णन चुकीचे असले तर कोश चुकला.

लेखातली नमुना-यादीच घ्या. 'होळकर संस्थान रेल्वे', 'बडोदे संस्थान रेल्वे', 'पूर्व बंगाल संस्थान रेल्वे' अशा तीन नोंदी एकाखाली एक आहेत. तिन्हींत मूळ शब्द 'स्टेट', म्हणून तिन्हींत 'संस्थान'. बडोद्याची, म्हणजे 'गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वे', खरोखरच संस्थानची. गाड्या चालवण्याचे काम बरीच वर्षे बी.बी.सी.आय. या रेल्वे कंपनीकडे होते, पण मालकी दरबारची. १९४९ साली ती बी.बी.सी.आय.मध्ये विलीन झाली. होळकरांचे प्रकरण निराळे. दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा–इंदूर मार्गासाठी १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने ब्रिटिश सरकारला कर्जाऊ दिले. नाव सावकाराचे, रेल्वे सरकारची. आणि पूर्व बंगालात संस्थान कुठले? 'ईस्टर्न बंगाल रेल्वे' ही कंपनी १८८४ साली सरकारने विकत घेतली आणि तिच्या नावात 'स्टेट' शिरला. तिथे 'स्टेट' म्हणजे निव्वळ सरकारी. आपल्या लेखकाने पद्मेकाठी एक महाराजा बसवून दिला आहे, हत्ती तेवढा द्यायचा राहिला.

चौथा अर्थही आहे. 'निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' चालवणारी कंपनी लंडनची, आणि भांडवलावरच्या परताव्याची हमी निजाम सरकारची. तिला यादीत 'निजाम हमी राज्य रेल्वे' केले आहे. हे कुणाला काय सांगते?

'लाइट रेल्वे'ची गत तर विचारू नका. ग्वाल्हेर आणि बार्शी, दोन्हींपुढे 'प्रकाश रेल्वे' छापले आहे! 'लाइट' म्हणजे इथे हलकी: हलके रूळ, हलका एक्सल लोड, कमी वेग, त्यामुळे कमी खर्चाची बांधणी. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ दर यार्डाला ३० पौंड वजनाचे होते आणि एका आसावर ५ टनांपर्यंत भार चाले. हे एका वाक्यात नोंदीत आले असते तर 'लाइट' आपोआप उलगडला असता. त्यातही दोघींना 'नॅरोगेज' म्हणून एकाच टोपलीत टाकले आहे. बार्शीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ग्वाल्हेरचा ६१०, म्हणजे दोन फूट. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर बसणार नाही. कोशात नुसते 'नॅरोगेज' लिहिणे म्हणजे पाकिटावर नुसते 'भारत' लिहून पत्र टाकणे. आकडा हवा.

बी.बी.सी.आय.चे भाषांतर 'मुंबई, वडोदरा व मध्य भारत रेल्वे'. ही कंपनी १८५५ची. 'मध्य भारत' नावाचे राज्य १९४८ साली झाले आणि १९५६ साली मध्य प्रदेशात गेले. कंपनीच्या नावातला 'सेंट्रल इंडिया' त्याच्या कितीतरी आधीचा. 'वडोदरा' हे अधिकृत नावही १९७४ पासूनचे. एका नावात दोन कालविपर्यास. 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे' असे जसेच्या तसे लिहायला काय हरकत होती? आपण तिला पिढ्यान् पिढ्या 'बी.बी.सी.आय.'च म्हणत आलो.

याला अपवाद आहे, आणि नेमका तोच लेखकाला दिसला नाही. आजच्या विभागांची (झोनची) देवनागरी नावे रेल्वेने स्वतः ठरवलेली आहेत. ५ नोव्हेंबर १९५१ पासून 'पश्चिम रेल्वे' आणि 'मध्य रेल्वे' ही नावेच आहेत, भाषांतरे नव्हेत. तिथे 'वेस्टर्न' लिहिण्याचे कारण नाही. पण मग त्यात आपली कारागिरीही करू नये. बिलासपूरला मुख्यालय असलेली 'दक्षिण पूर्व मध्य रेल्वे' यादीत 'आग्नेय मध्य रेल्वे' झाली आहे. मराठी म्हणून सुंदर, नाव म्हणून खोटे. डब्यावर लिहिलेली आद्याक्षरे वाचून शोधायला निघालेल्या माणसाला 'आ'खाली जावे असे कसे सुचणार? तसेच जबलपूरची 'पश्चिम मध्य रेल्वे'. ती स्वतंत्र विभाग आहे; 'मध्य रेल्वेचा पश्चिम भाग' म्हणजे ती नव्हे. इंग्रजीत हा घोळ थोरल्या अक्षराने टळतो. आपल्याकडे तो टळावा म्हणून विभागाचे नाव तुटू नये, मध्ये संयोगचिन्ह घालू नये आणि वर्णनासाठी 'रेल्वे' न म्हणता 'रेल्वेमार्ग' म्हणावे, तेही जोडून. मराठीत 'रेल्वे' म्हणजे कंपनी, रूळ आणि गाडी असे तिन्ही. निदान कोशात तरी 'रेल्वे' हा शब्द संस्थेसाठी राखून ठेवावा, रुळांसाठी 'रेल्वेमार्ग' आणि गाडीसाठी 'गाडी'.

आता चिन्हांकडे येतो, कारण माझे खरे दुखणे तिथे आहे. दोन टोकांच्या मध्ये लांब रेघ असावी, आखूड नसावी. 'प्रतापनगर-छोटा उदेपूर' असे आखूड रेघेने लिहिले की डोळ्याला 'प्रतापनगर-छोटा' एक आणि 'उदेपूर' वेगळे दिसते. 'प्रतापनगर–छोटा उदेपूर' असे लांब रेघेने लिहिले की दोन्ही टोके स्वच्छ. उलट 'मियागाम करजण' हे एकाच स्थानकाचे नाव आहे, त्यात रेघच नको. लेखात 'मियागाम-कर्जन मार्ग' असा स्वतंत्र मार्ग दाखवला आहे. स्थानक एकच असल्याने त्याची लांबी फार तर फलाटाएवढी भरेल.

आणि 'कर्जन' कोण? गव्हर्नर जनरल लॉर्ड कर्झनशी या गावाचा संबंध नाही. गुजरातीत ते सरळ 'करजण' आहे, चारही अक्षरे पूर्ण, शेवटी ण. रोमनमध्ये जाताना ण आणि न एक झाले, मधला अ कुठे आहे आणि कुठे नाही हे कळेनासे झाले. तिथून मराठीत परत येताना 'कर्जन' झाले. हा उलटा प्रवासच सगळ्या चुकांचे मूळ आहे. रोमन डी म्हणजे ड की द, हे रोमनला ठाऊक नाही, म्हणून डभोईचे 'दाभोई' आणि चांदोदचे 'चंदोड' होते. छोटा उदेपूरचे 'छोटा उदयपूर' होते आणि वाचक राजस्थानात पोहोचतो. शेवटच्या 'पुर'चे 'पूर' करा, तो मराठीचा नियम आहे. 'उदे'चे 'उदय' करण्याचा नियम कुठलाच नाही. स्थानकाच्या पाटीवर राज्याची भाषा असते. गुजराती लिपी मराठी माणसाला एका दुपारी वाचता येते: शिरोरेघ नाही, पाचदहा अक्षरांची वळणे निराळी, संपले. कोशाच्या कचेरीत एवढे करायला हरकत नसावी.

पण कोशाला तरी काय म्हणावे? गेल्या वर्षी याच सदरात माझे पत्र आपण छापले होते, त्याबद्दल आभार. १८६२ साली डभोई–मियागाम मार्गावर गाड्या बैल ओढत होते आणि मजबूत रूळ घालून इंजिने नियमित चालायला १८७३ उजाडले, एवढाच मजकूर होता. मी 'मियागाम करजण' लिहिले होते. छापून आले 'मियागाम-कर्जत'. म्हणजे आपल्या मुद्रितशोधकांनी ते बैल थेट रायगड जिल्ह्यात नेले. घाट चढवला नाही, हे त्यांचे उपकार. दुरुस्तीची विनंती पाठवली, ती आली नाही. चूक कशी झाली असेल हे समजते: अनोळखी शब्द दिसला की जवळचा ओळखीचा शब्द बसवायचा, हात आपोआप तिकडे जातो. म्हणूनच कोश आणि वर्तमानपत्र, दोन्हीकडे स्थानकांच्या नावांची एक छापील यादी टेबलावर असावी, आणि त्या यादीबाहेरचे नाव दिसले तर बदलण्याआधी विचारावे.

राहिला प्रश्न एकच गोष्ट चार ठिकाणी शोधण्याचा. बडोद्याची रेल्वे वाचक 'गायकवाड'खाली शोधेल, 'बडोदे'खाली, 'बरोडा'खाली किंवा 'वडोदरा'खाली. (आणि 'बडोद्याला' या रूपावरून 'बडोदा' असे मूळ काढणारे पाचवीकडे.) मूळ नोंद मालकाने ठेवलेल्या नावाखाली, बाकी चारही ठिकाणी 'पाहा'. नोंदीच्या पहिल्या ओळीत दोन्ही टोके, गेज मिलिमीटरमध्ये आणि तो मार्ग कुणाच्या मालकीचा कधीपासून कधीपर्यंत. नाव ज्या सालचे, त्या सालापुरतेच. चांदोदच्या पुढचा ब्रॉडगेज मार्ग १७ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाला तो 'केवडिया'पर्यंत. नंतर त्या स्थानकाचे नाव 'एकता नगर' झाले, म्हणून उद्घाटनाच्या नोंदीत 'एकता नगर' घुसवू नये. लेखात घुसवले आहे.

पुरवणीबद्दल: रविवारची पुरवणी सोमवारी देणे हे आता इतके अंगवळणी पडले आहे की शब्दकोड्याचे उत्तर आणि कोडे एकाच दिवशी हातात येतात. वर्गणी मात्र वेळेवर मागितली जाते.

हे पत्र छापणार असाल तर मुद्रितशोधकांना एवढे कळवावे की 'करजण' तसेच ठेवायचे आहे. ण बाणातला.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
दांडिया बाजार, बडोदे