स्टुटगार्टच्या काकूंना, आमच्या घरखर्चाच्या हिशोबाबद्दल

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझा येथील नोकरीचा पहिला पगार जमा झाला आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी बसून घराचे वर्षाचे अंदाजपत्रक नव्याने मांडले. ते मांडताना जवळजवळ प्रत्येक ओळीवर तुमचे नाव निघाले, म्हणून हे पत्र. समोर बसून आभार मानले की तुम्ही विषय बदलता, त्यामुळे लिहून मानत आहे. पत्र कोणालाही वाचता येईल असे ठेवले आहे, कारण तुम्ही आम्हाला जे शिकवलेत त्याची गरज पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापुराहून येथे येणाऱ्या प्रत्येक नव्या जोडप्याला पडते आणि ते समजावून सांगणारे वडीलधारे माणूस प्रत्येकाला भेटतेच असे नाही.

२०२३ च्या शरद ऋतूत मी जर्मनीत स्टुटगार्टला आले. नवरा काही महिने आधीच नोकरीवर रुजू झाला होता आणि नेमणूकपत्रावरची वार्षिक रक्कम रुपयांत मांडून आमच्या दोन्हीकडच्या घरांत एक मोठा आकडा फिरत होता. त्यातले हातात किती येते, त्यातून घरभाडे किती जाते आणि उरलेल्यात दोन माणसांचे कसे भागते, याचा विचार त्या आकड्यात नव्हता. दिवाळीच्या कार्यक्रमात ओळख झाल्यावर तुम्ही आम्हाला घरी बोलावलेत, येताना पगाराची स्लिप आणायला सांगितलीत आणि, हे मला मुद्दाम लिहायचे आहे, ती स्लिप त्याच्याऐवजी माझ्यासमोर ठेवलीत. "कमावतो कोण हा प्रश्न वेगळा, हिशोब दोघांना यायला हवा," एवढेच तुम्ही म्हणालात आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केलीत.

निवृत्तिवेतन विम्याचे १८.६ टक्के आणि आरोग्य विम्याचे मूळ १४.६ टक्के, त्यावर विमा संस्थेनुसार बदलणारी भर, आणि या सगळ्याचा साधारण निम्मा भार कंपनीवर, हे तुम्ही आकडे लिहून दाखवलेत. कमाई नसलेल्या जोडीदाराला सार्वजनिक आरोग्य विम्यात वेगळा हप्ता भरावा लागत नाही, म्हणजे त्या कपातीत माझाही विमा आलेला आहे, हे कळल्यावर जी कपात आम्हाला खुपत होती तिच्याकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली. त्यानंतर तुम्ही टॅक्स क्लासकडे, म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या वर्गाकडे, वळलात. मी भारतात असेपर्यंत नवऱ्याला पहिला वर्ग लागू होता. मी आल्यावर, पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांच्या आत झाल्यानंतर, आम्हाला अर्ज करून तीन आणि पाच अशी जोडी, म्हणजे नवऱ्याला कमी कपातीचा तिसरा वर्ग आणि मला पाचवा, घेता येत होती. अर्ज कसा भरायचा हे तुम्ही दाखवलेत आणि त्याच पगारात दरमहा हातात येणारी रक्कम चांगलीच वाढली. मात्र तुम्ही तेथे थांबला नाहीत. वर्ग कोणताही घेतला तरी महिन्याची कपात ही केवळ आगाऊ रक्कम असते, खरा कर वर्षाच्या संयुक्त विवरणपत्रानंतरच ठरतो आणि तीन-पाच घेणाऱ्यांना ते विवरणपत्र भरावेच लागते, ही बाजूही तुम्ही त्याच बैठकीत सांगितलीत. अर्धवट सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही फायद्याबरोबर त्याची जबाबदारीही सांगितलीत, याबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो.

घर शोधतानाचे दिवस आजही आठवतात. या शहरात भाड्याचे घर मिळणे किती अवघड आहे हे येथे राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. जाहिरातीतली काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे. त्यावर पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा आणि बहुधा हीटिंग यांची दरमहा उचल, म्हणजे हिशोबाआधी आगाऊ भरायची रक्कम, मिळून वार्ममीटे होते, आणि विजेचे व इंटरनेटचे बिल त्याहूनही वेगळे. अंदाजपत्रकात नेहमी वार्ममीटे, वीज आणि इंटरनेट या तिन्हींची बेरीज लिहायची, असा नियम तुम्ही घालून दिलात. डिपॉझिटची रक्कम ऐकून आम्ही गप्प झालो तेव्हा तुम्ही ती उसनी द्यायला तयार होता, पण त्याआधी कायद्यातली तरतूद दाखवलीत: डिपॉझिट काल्टमीटेच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे. उसने घेण्याची वेळच आली नाही. हातात पैसे असूनही आधी मार्ग दाखवणे ही मदत, काकू, पैशांपेक्षा मोठी होती, कारण या देशातला आमचा पहिला मोठा खर्च आम्ही कोणाचेही देणे न करता केला. येथे बहुतेक घरे ओट्याशिवाय, कपाटांशिवाय, कधी तर दिव्यांशिवायही मिळतात. आधीच्या भाडेकरूकडून त्याचे स्वयंपाकघर वाजवी किमतीत विकत घेता येते, हे तुम्ही सांगितले नसते तर नव्या स्वयंपाकघरापायी आमची जमवलेली शिल्लक तेथेच संपली असती.

तुम्ही शिकवलेली मुख्य गोष्ट मात्र वर्षाच्या तक्त्याची. महिन्याचा खर्च सगळेच लिहितात; तुम्ही आम्हाला बारा रकाने आखायला लावलेत आणि प्रत्येक खर्च तो ज्या महिन्यात येऊन पडतो त्या रकान्यात लिहायला सांगितलेत. रेडिओ-दूरदर्शनची सक्तीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, पण ती घराला एकच असते, माणशी नव्हे, आणि सहसा तीन महिन्यांची एकदम ५५.०८ युरो भरली जाते. दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास ते भरून देणारा विमा, दोघांचा मिळून एक पुरतो आणि वर्षातून एकदा जातो. विजेचा हिशोब वर्षाअखेर होतो आणि उचल कमी पडली असेल तर फरक भरावा लागतो. भारतवारीची तिकिटे, लग्नकार्यातले आहेर, हिवाळ्याचे कपडे, निवास परवान्याचे शुल्क, हे सगळे वर्षभर विखुरलेले खर्च तुम्ही एकत्र करून त्यांची बेरीज बाराने भागलीत आणि येणारी रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या खात्यात आपोआप वळती होईल अशी बँकेला कायमची सूचना द्यायला लावलीत. परदेशातल्या जोडप्याला रोजची भाजी महाग पडत नाही, न मोजलेले वार्षिक खर्च महाग पडतात, हे तुमचे मत होते आणि आज ते माझेही ठाम मत आहे. शेतकरी जसा पुढच्या पेरणीचे बी आधी बाजूला काढून मगच धान्य विकतो, तसा आमचा पगार येतो त्या दिवशीच वाटला जातो.

त्या तक्त्याचा खरा कस नेबेनकोस्टेनच्या, म्हणजे पाणी, कचरा, हीटिंग अशा भाड्यावरच्या खर्चांच्या, वार्षिक हिशोबाच्या वेळी लागला. घरमालकाकडून आलेल्या पत्रात उचलीपेक्षा बरीच अधिक रक्कम मागितली होती. वेगळ्या खात्यात तेवढे पैसे होते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नव्हते. तरीही तुम्ही पत्र ओळीने वाचायला लावलेत. हीटिंगच्या खर्चाचा किमान निम्मा आणि कमाल सत्तर टक्के भाग प्रत्यक्ष वापरानुसार वाटला जातो, हिशोबाचा काळ संपल्यापासून बारा महिन्यांत तो भाडेकरूपर्यंत पोहोचला नाही तर घरमालकाला सहसा वाढीव मागणी करता येत नाही, भाडेकरूला मूळ बिले पाहण्याचा हक्क असतो आणि इमारतीच्या व्यवस्थापनाचा किंवा दुरुस्तीचा खर्च राहत्या घराच्या भाडेकरूवर टाकता येत नाही, हे सगळे तुम्ही आम्हाला एका संध्याकाळी समजावलेत. पत्रात व्यवस्थापनाची एक रक्कम होती. तुमच्या मदतीने नवऱ्याने नम्र भाषेत पत्र लिहिले, रक्कम वगळली गेली आणि उरलेली बाकी आम्ही त्याच दिवशी भरली. जे खरोखर देणे आहे ते वेळेत द्यायचे आणि जे नाही ते शांतपणे विचारायचे, ही तुमची रीत मला फार आवडली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर गॅस महागला, त्या वर्षी येथील महागाईची सरासरी ६.९ टक्के आणि पुढच्या वर्षी ५.९ टक्के होती. त्या हिवाळ्यानंतर शेजारच्या घरांत आलेल्या मागण्यांबद्दल तुम्ही सांगितलेत तेव्हाच आम्ही हीटिंगची उचल आपणहून थोडी वाढवून घेतली.

किराण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तेथे तुम्ही फार नियम घातले नाहीत. प्रत्येक वस्तूखाली छापलेला किलोचा दर पाहायचा. कोथिंबीर, मेथी आणि छोले तुर्की दुकानातून. मसूर डाळ जर्मन दुकानातून. तूरडाळ, पोहे आणि कणीक महिन्यातून एकदा भारतीय दुकानातून. श्रीखंडासाठी चक्क्याच्या जागी येथला क्वार्क. पिण्याचे पाणी नळाचे. त्याबरोबर तुम्ही एक सूचना दिलीत, ती आम्ही कटाक्षाने पाळतो: रोजच्या खरेदीचे रुपये करायचे नाहीत. रुपयांत मोजले की पालेभाजीची जुडी अपराधासारखी वाटते आणि पगार मात्र फुगून दिसतो, म्हणजे दोन्हीकडे फसगत होते. खर्चाची तुलना हातात येणाऱ्या युरोंशीच करायची.

प्रवासाचेही तसेच. आम्ही आलो तेव्हा देशभर चालणारा मासिक पास ४९ युरोंना होता, २०२५ मध्ये तो ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरोंना झाला. मी रोज बाहेर जात नव्हते त्या काळात तो माझ्यासाठी घ्यावा की नाही, हे महिन्यामहिन्याला ठरवता येते, महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवले की त्या महिन्याअखेर तो थांबतो, हे तुम्ही सांगितलेत. मात्र जर्मनच्या वर्गाच्या फीला हात लावू दिला नाहीत. काटकसर करताना मी सर्वांत आधी तीच ओळ खोडायला निघाले होते, कारण घरात जो कमावत नाही त्याला स्वतःवरचा खर्च नेहमी चैन वाटतो. तुम्ही ती ओळ भाड्याच्या लगेच खाली, दुसऱ्या क्रमांकावर लिहायला लावलीत. आज माझ्या हातात नोकरी आहे ती त्या ओळीमुळे.

याच विचाराने तुम्ही आणखी दोन ओळी घालायला लावल्यात, ज्यांबद्दल बोलायला आम्हाला संकोच होता. पहिली, दोघांनाही दरमहा सारखीच रक्कम, जिचा हिशोब एकमेकांना द्यायचा नाही. नवऱ्याने कधी हात आखडता घेतला नव्हता, तरी एखादे पुस्तक घेताना किंवा मैत्रिणीबरोबर कॉफी पिताना मी मनात परवानगी मागत असे, ते त्या ओळीने थांबले. दुसरी, दोन्हीकडच्या आईवडिलांसाठी एकत्र एकच ओळ. सासरचे किती आणि माहेरचे किती, असे दोन रकाने करायचे नाहीत, असे तुम्ही निक्षून सांगितलेत. भारतातील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेणे आवश्यक आहे आणि एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवण्याच्या अनिवासी खात्यातल्या) ठेवीवरचे व्याज भारतात करमुक्त असले तरी येथे राहणाऱ्यांना ते जर्मन विवरणपत्रात दाखवावे लागते, ज्यासाठी दांपत्याला वर्षाला २,००० युरोंपर्यंतची सूट मिळते, हेही तुमच्यामुळे वेळेत कळले.

आता माझी नोकरी सुरू झाली आहे. तुम्ही पूर्वीच सुचवल्याप्रमाणे तीन-पाचची जोडी सोडून आम्ही दोघांनीही चौथा वर्ग, फॅक्टरसह (दोघांच्या पगारांच्या प्रमाणात कपात वाटणाऱ्या गुणकासह), घेतला आहे. संयुक्त विवरणपत्रानंतर वर्षाचा एकूण कर तोच राहणार असला तरी बेकारी भत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालक भत्ता हातात येणाऱ्या पगारावरून ठरतात आणि पाचव्या वर्गात माझा पगार नाहक लहान दिसला असता, हे तुमचे म्हणणे आम्ही लक्षात ठेवले होते. पाच वर्षे हप्ते भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो आणि तो आता माझ्याही नावावर जमू लागला आहे. नव्या तक्त्यात माझ्या पगाराची ओळ लिहिताना नवऱ्याने ती मला लिहायला सांगितली.

काकू, तुम्ही आम्हाला पैसे दिले नाहीत आणि आम्ही किती वाचवतो हेही कधी विचारले नाहीत. आमच्या घरात पैशांविषयी मोकळेपणाने आणि न भांडता बोलता येते ते तुमच्यामुळे, आणि त्याबद्दल आम्ही दोघे तुमचे मनापासून आभारी आहोत. काकांनाही आमचा नमस्कार सांगावा. नवा तक्ता घेऊन पुढच्या रविवारी येत आहोत. विमा आणि निवृत्तिवेतन या दोन रकान्यांवर तुमचे मत हवे आहे.

तुमची नम्र,
तक्ता लिहिणारी आणि तिचा नवरा
स्टुटगार्ट